गर्भातल्या पेशी प्लेटला चिकटतात कशा आणि चालतात कशा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कल्चर, म्हणजे पेशी शरीराबाहेर प्लेटमध्ये वाढवणं, नव्याने शिकणारी मुलंमुली, मग ती एमएस्सी प्रोजेक्टची असोत की पीएचडीच्या पहिल्या वर्षातली, फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतेय. उदाहरणं जास्त करून कोंबडीच्या गर्भाची आहेत, कारण आपल्याकडे तो सहज मिळतो आणि या विषयातलं निम्मं ज्ञान त्याच्याच पेशी बघून आलंय. माझं सांगणं एकच आहे आणि ते खाली जागोजागी येईल: पेशी काय करतेय हे बघायच्या आधी ती कशावर बसलीय ते बघा.

पेशी प्लॅस्टिकला चिकटते म्हणजे नक्की कशाला चिकटते?

प्लॅस्टिकला नाहीच. कल्चरची प्लेट पॉलिस्टायरिनची असते, आणि नुसतं पॉलिस्टायरिन पाणी झटकतं, त्यावर पेशी नीट बसत नाही. म्हणून कंपनी त्या पृष्ठभागावर प्लाझ्मा किंवा कोरोना ट्रीटमेंट करते, त्याने तिथे ऑक्सिजनवाले गट तयार होतात आणि पाणी पसरायला लागतं. पण त्यानंतरची गोष्ट महत्त्वाची आहे. तुम्ही सिरमवालं मीडियम (पेशींचं पोषक द्रावण, त्यात रक्त गोठल्यावर उरणारा द्रव म्हणजे सिरम घातलेलं) ओतलं की पेशी तळाला पोचायच्या आधीच सिरममधली प्रोटीन्स जाऊन प्लेटवर बसतात, त्यात व्हिट्रोनेक्टिन आणि फायब्रोनेक्टिन असतं, आणि पेशी धरते ती या प्रोटीन्सना.

धरायचं काम करतात इंटिग्रिन, म्हणजे पेशीच्या पडद्यात आरपार बसलेले रिसेप्टर. अल्फा आणि बीटा अशी जोडी असते, माणसात अशा २४ जोड्या माहीत आहेत. १९८४ मध्ये पिअर्शबाखर आणि रुओसलाटी यांनी दाखवलं की एवढ्या मोठ्या फायब्रोनेक्टिनमधला पेशीने धरायचा भाग फक्त काही अमिनो आम्लांचा आहे, त्याचा गाभा म्हणजे आर्जिनिन, ग्लायसिन, अ‍ॅस्पार्टिक अ‍ॅसिड, ज्याला सगळे आरजीडी म्हणतात. हा छोटा तुकडा मीडियममध्ये मोकळा सोडला तर इंटिग्रिन त्यालाच धरून बसतात आणि पेशीची प्लेटवरची पकड सुटते. हा प्रयोग पुढे गर्भातही झाला, त्याबद्दल खाली लिहिलंय.

पेशी चिकटायलाच नको असतील, समजा एम्ब्रियॉइड बॉडी, म्हणजे ईएस (गर्भाच्या मूल) पेशींचे गोळे, करायच्या आहेत, तर मुद्दाम बॅक्टेरिया वाढवायची, ट्रीटमेंट नसलेली साधी पेट्री डिश घेतात. अनुभवी लोकसुद्धा घाईत चुकीचं पाकीट उचलतात, तेव्हा पाकिटावर टिश्यू कल्चर ट्रीटेड लिहिलंय का ते वाचायची सवय ठेवा.

पण पेशीला मुळात चिकटायचं कशाला? मीडियममध्ये तरंगून जगता येत नाही का?

रक्तातल्या पेशी जगतात तशा. बाकीच्या बहुतेकींना आधार लागतो. हे सगळ्यात आधी स्वच्छ दाखवलं रॉस हॅरिसन या अमेरिकन संशोधकाने. त्याने १९०७ मध्ये बेडकाच्या गर्भातल्या मज्जानलिकेचा तुकडा गोठलेल्या लिम्फच्या थेंबात लावला आणि त्यातून मज्जातंतू वाढताना डोळ्यांनी बघितला, पेशी शरीराबाहेर वाढवून बघण्याची खरी सुरुवात इथली म्हणतात. पण मला त्याचं १९१४ चं काम जास्त आवडतं. त्याने प्रश्न विचारला की या पेशींना घन आधार लागतो का, आणि आधार म्हणून त्याने काय वापरलं तर कोळ्याचं जाळं. एका चौकटीवर जाळ्याचे धागे ताणून त्यावर गर्भाच्या ऊतीचा तुकडा सिरममध्ये लावला. पेशी धाग्याला धरून लांब झाल्या, धाग्याच्या दिशेने सरकल्या, आणि जिथे दोन धागे एकमेकांना छेदतात तिथे त्यांचा आकार बदलला. ज्यांना धरायला काहीच नव्हतं त्या पातळ द्रवात गोल होऊन राहिल्या. शंभराहून जास्त वर्षं झाली, पण आधाराचा आकार पेशीचा आकार ठरवतो हे सांगायला मला अजून याच्याइतका सुंदर प्रयोग सापडलेला नाही.

पुढे १९९४ च्या सुमारास हेही कळलं की आवरणाच्या पेशींचा आधार सुटला तर त्या स्वतःहून मरण पत्करतात, याला अनॉइकिस म्हणतात. इंटिग्रिनने काही धरलेलं असलं की आत सतत निरोप जात राहतो की जागेवर आहे, सगळं ठीक आहे. तो निरोप थांबला की पेशी आवरतं घेते.

प्लेटमध्ये टाकल्यापासून पसरेपर्यंत किती वेळ लागतो? मला तर तासाभरानेही गोलच दिसतात.

आधी पेशी नुसत्या वजनाने खाली येतात, त्याला दहावीस मिनिटं धरा. मग गोल असतानाच हलकी पकड बसते, या टप्प्यावर प्लेट जरा हलवली तरी त्या सुटतात. त्यानंतर पसरणं सुरू होतं, कडेने पातळ पडदा बाहेर येतो, पेशी चपटी व्हायला लागते आणि फेज कॉन्ट्रास्ट मायक्रोस्कोपमध्ये आधी चमकणारा गोळा हळूहळू करडा होत जातो. कोंबडीच्या गर्भाचे फायब्रोब्लास्ट (जोडऊतीतल्या पेशी) चांगल्या कोटिंगवर, म्हणजे आधी प्लेटवर बसवलेल्या प्रोटीनच्या थरावर, तासादोनतासात बऱ्यापैकी पसरतात. पेशी सोडवायला वापरलेलं ट्रिप्सिन हे प्रोटीन कापणारं एन्झाइम जास्त झालं असेल तर पेशीने आपले रिसेप्टर परत बनवेपर्यंत वाट बघावी लागते, म्हणून तुमच्या पेशी तासाभरात गोल असल्या तर घाबरू नका, चार तासांनीही गोल असल्या तर मग शोध घ्या.

पेशी प्लेटला सगळीकडून सारखी चिकटत नाही हेही लक्षात ठेवा. अ‍ॅडम कर्टिसने १९६४ मध्ये कोंबडीच्या गर्भातल्या हृदयाचे फायब्रोब्लास्ट खालून परावर्तित प्रकाशात बघितले आणि पेशी आणि काच यांच्यामधलं अंतर कुठे किती आहे ते मोजायचा मार्ग काढला. आज आपण ज्यांना फोकल अ‍ॅढेजन म्हणतो त्या जागी हे अंतर साधारण १० ते १५ नॅनोमीटर असतं, बाकी बऱ्याच ठिकाणी पेशी काचेपासून त्याहून वर उचललेली असते. त्या ठिपक्यांच्या आत टॅलिन, व्हिन्क्युलिन, पॅक्सिलिन अशी प्रोटीन्स इंटिग्रिनला पेशीच्या आतल्या सांगाड्यातल्या अ‍ॅक्टिनच्या दोऱ्यांशी बांधून ठेवतात.

थंड मीडियम किंवा साधं पीबीएस (क्षारांचं बफर द्रावण) वापरलं तर फरक पडतो का?

पडतो. थंडीत पेशी पसरत नाही, पसरायला ऊर्जा आणि अ‍ॅक्टिनची हालचाल लागते. आणि इंटिग्रिनला धरायला मॅग्नेशियम, मँगेनीज असे दोन धनभाराचे आयन लागतात, कॅडहेरिनला, म्हणजे पेशी एकमेकींना ज्यांनी धरतात त्या प्रोटीन्सना, कॅल्शियम लागतं. म्हणून पेशी सोडवायच्या तेव्हा हे आयन पकडून ठेवणारं ईडीटीए आणि बिनकॅल्शियमचं पीबीएस, आणि बसवायच्या तेव्हा आयन असलेलं मीडियम. ईडीटीए नीट धुतलं नाही तर पेशी बसता बसत नाहीत आणि मुलं दोष कोटिंगला देतात.

कोटिंग कोणतं घेऊ?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याला एका ओळीत उत्तर नाही, तुम्हाला पेशी कशाला हवीय त्यावर आहे.

उंदराच्या ईएस पेशींना ०.१ टक्का जिलेटिन पुरतं, स्वस्त आहे, ऑटोक्लेव्ह होतं, अर्धा तास ठेवून काढून टाकलं की झालं. उंदराच्या गर्भाच्या फायब्रोब्लास्टना सिरम असेल तर कोटिंग नसलं तरी चालतं. चालणाऱ्या पेशी बघायच्या असतील, खास करून न्यूरल क्रेस्ट (मज्जानलिकेच्या वरच्या बाजूने निघून गर्भभर पसरणाऱ्या पेशी), तर फायब्रोनेक्टिन. सुरुवातीला १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर घ्या, ३७ डिग्रीला तासभर ठेवा, वाळू देऊ नका, आणि पिपेटने ढवळत बसू नका कारण फायब्रोनेक्टिन घुसळलं की त्याचे तंतू होऊन गोळा होतं आणि मग प्लेटवर कुठे जाड कुठे काहीच नाही असा प्रकार होतो. मज्जापेशींना लॅमिनिन आवडतं, बऱ्याचदा खाली पॉली-लायसिन आणि वर लॅमिनिन असं दुहेरी देतात.

मॅट्रिजेलबद्दल थोडं जास्त सांगते कारण लोक ते डोळे मिटून वापरतात. ते उंदराच्या एका सारकोमा गाठीतून काढलेलं मिश्रण आहे, त्यात लॅमिनिन, टाइप चार कोलॅजन असं बरंच काही असतं आणि सोबत वाढीचे घटकही असतात. बॅच बदलली की मिश्रण थोडं बदलतं. पेशी जगवायला उत्तम, पण अमुक प्रोटीनमुळे पेशी चालली असं म्हणायचं असेल तर मॅट्रिजेलवर ते सिद्ध होत नाही, कारण त्यात अजून काय काय होतं ते तुमच्या हातात नव्हतं. हाच मुद्दा सिरमला लागू. फायब्रोनेक्टिनची परीक्षा घ्यायचीय आणि मीडियममध्ये दहा टक्के सिरम आहे, तर कंट्रोल प्लेटवरही फायब्रोनेक्टिन पोचलंच की. अशा प्रयोगात निदान पहिले काही तास सिरम काढा, आणि कोटिंग झाल्यावर मोकळ्या राहिलेल्या जागा बीएसए या गाईच्या सिरममधल्या प्रोटीनने झाका.

पॉली-लायसिनवर पेशी घट्ट बसल्या पण हलतच नाहीत. कोटिंग खराब आहे का?

कोटिंग ठीक आहे, पकडीचा प्रकार वेगळा आहे. पॉली-लायसिन धनभारित, पेशीचा पृष्ठभाग ऋणभारित, दोघं विजेच्या ओढीने चिकटतात. इंटिग्रिनचा त्यात भाग नाही, त्यामुळे धरा आणि सोडा हा खेळ पेशीच्या ताब्यात राहत नाही.

आणि योग्य प्रोटीन असलं तरी जास्त म्हणजे चांगलं असं नाही. १९९७ मध्ये पॅलेसेक आणि सहकाऱ्यांनी इंटिग्रिन आणि त्याखालचं प्रोटीन दोन्हींचं प्रमाण बदलून वेग मोजला. पकड अगदी कमी असली तर पेशीला जोर लावायला आधार मिळत नाही, पकड खूप असली तर मागची बाजू सुटत नाही, सगळ्यात वेग मधल्या पकडीला. म्हणून फायब्रोनेक्टिन दुप्पट करून बघू असं करायच्या आधी निम्मं करूनही बघा, निदान तीन प्रमाणं लावा, मगच मत बनवा.

पेशी चालते म्हणजे नक्की काय करते?

पुढे पातळ पडदा काढते, तो धरते, अंग पुढे ओढते, मागची पकड सोडते. वाचायला चार पायऱ्या वाटतात पण हे सगळं एकाच वेळी चालू असतं. पुढच्या पडद्याला लॅमेलिपोडियम म्हणतात, जाडी जेमतेम ०.१ ते ०.२ मायक्रोमीटर, आत अ‍ॅक्टिनच्या फांद्यांचं जाळं, ते जाळं आर्प-टू-थ्री नावाचं प्रोटीनसंकुल बनवतं. पुढच्या काठावर अ‍ॅक्टिनचे नवे तुकडे जोडले जातात आणि पडदा पुढे ढकलला जातो. त्याच वेळी पूर्ण जाळं मागेही सरकत असतं, मायोसिन हा आवळणारा रेणू ओढतो म्हणून. आता मजा इथे आहे. चिखलात गाडीचं चाक जागच्या जागी फिरतं पण गाडी पुढे जात नाही, तसं पकड नसेल तर अ‍ॅक्टिन नुसतं मागे वाहत राहतं आणि पेशी तिथेच. इंटिग्रिनने खालचं प्रोटीन धरलं आणि टॅलिनने त्याला अ‍ॅक्टिनशी जोडलं की मागे वाहणं कमी होतं आणि तोच जोर पेशीला पुढे नेतो.

हा जोर डोळ्यांनी दिसतो. आल्बर्ट हॅरिस आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये पेशी सिलिकॉन रबराच्या पातळ पापुद्र्यावर ठेवल्या तर पेशीखाली पापुद्र्याला सुरकुत्या पडल्या. फायब्रोब्लास्ट स्वतःला सरकवायला लागतो त्यापेक्षा खूप जास्त ओढ देतात असं दिसलं, आणि त्यावरून विचार पुढे गेला की ही ओढ आसपासचं कोलॅजन रचायला, गर्भात ऊतीला आकार द्यायला कामी येत असणार.

कुठे पडदा काढायचा आणि कुठे आवळायचं हे रॅक आणि रो ही छोटी प्रोटीन्स सांभाळतात, रॅक पुढच्या पडद्याला, रो आवळण्याला आणि ताणलेल्या अ‍ॅक्टिनच्या दोऱ्यांना. रिडली आणि हॉल यांचे १९९२ चे शोधनिबंध यावरचे पायाभूत मानले जातात.

वेग किती असतो?

फायब्रोब्लास्ट मिनिटाला एक मायक्रोमीटर किंवा त्याहून कमी. न्यूरल क्रेस्ट साधारण तासाला काही दहा मायक्रोमीटर. माशाच्या खवल्यावरचे केराटोसाइट मिनिटाला दहापेक्षा जास्त जातात, म्हणून वेगाचा अभ्यास करणारे त्यांच्यावर जीव टाकतात. थोडक्यात, मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलात तर फायब्रोब्लास्ट चालताना दिसणार नाही, टाइमलॅप्स लागतोच.

पेशीला कुठे जायचं हे कळतं कसं?

तिच्या हातात बऱ्याच खुणा असतात. पाण्यात विरघळलेल्या रसायनाकडे जाणं तर पुस्तकात असतंच. पण नुसत्या आधारावरूनही दिशा मिळते आणि माझ्या मते हे शिकवताना आपण फार घाईत उरकतो.

एक, आधाराचा आकार. पॉल वाइसने दाखवलं की पेशी तंतू आणि खाचांच्या रेषेने जातात, हॅरिसनच्या कोळ्याच्या धाग्याचीच ही पुढची पायरी. दोन, चिकटपणाचा चढ. कार्टरने १९६० च्या दशकात सेल्युलोज अ‍ॅसिटेटवर पॅलेडियम धातूचा थर कमीपासून जास्त असा चढवला आणि पेशी जास्त चिकट बाजूला सरकल्या, याला त्याने हॅप्टोटॅक्सिस नाव दिलं. तीन, आधाराचा कडकपणा. पेल्हम आणि वँग यांनी १९९७ मध्ये पॉलिअ‍ॅक्रिलमाइडचे मऊ आणि कडक जेल वापरून दाखवलं की पेशीची पकड आणि हालचाल त्यावर बदलते, आणि २००० मध्ये लो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की फायब्रोब्लास्ट मऊकडून कडककडे जातात, ड्युरोटॅक्सिस ते हेच. तुमची प्लॅस्टिकची प्लेट कुठल्याही गर्भाच्या ऊतीपेक्षा हजारो पटींनी कडक आहे, हे निकाल वाचताना डोक्यात असू द्या.

आणि नको असलेली जागा हीसुद्धा खूण असते. कोंबडीच्या गर्भात धडातल्या न्यूरल क्रेस्ट पेशी प्रत्येक सोमाइटच्या, म्हणजे मज्जानलिकेशेजारी रांगेने असलेल्या ऊतीच्या ठोकळ्याच्या, फक्त पुढच्या अर्ध्या भागातून जातात, मागच्या अर्ध्यात एफ्रिनसारखे रेणू त्यांना परतवतात. प्लेटवर फायब्रोनेक्टिनच्या पट्ट्या आणि मध्ये फायब्रोनेक्टिनसोबत एफ्रिनच्या पट्ट्या काढल्या तर पेशी एफ्रिन टाळून चालतात.

दोन पेशी एकमेकींना भेटल्या की काय होतं?

मायकेल अ‍ॅबरक्रॉम्बी आणि जोन हेजमन यांनी १९५० च्या दशकात कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाचे दोन तुकडे शेजारी लावले, दोन्हीकडून फायब्रोब्लास्ट निघाले, आणि भेट झाली की त्यांची चाल मंदावली. पेशीचा पुढचा पडदा दुसरीला टेकला की तिथला पडदा थांबतो, आवळतो, आणि पेशी दुसरीकडे पडदा काढून निघून जाते. याला कॉन्टॅक्ट इनहिबिशन ऑफ लोकोमोशन म्हणतात. मुलं याची गल्लत वाढ थांबण्याशी करतात, प्लेट भरली की विभाजन थांबतं तो विषय निराळा, परीक्षेत दोन्ही वेगळे लिहा.

बरीच वर्षं लोकांना वाटायचं की ही प्लेटवरचीच गंमत असेल. मग २००८ मध्ये रोबेर्तो मायोर यांच्या लंडनमधल्या गटाने बेडूक आणि झेब्राफिशच्या जिवंत गर्भात न्यूरल क्रेस्ट पेशी हेच करताना दाखवल्या. घोळक्यातल्या पेशी एकमेकींना ढकलत नाहीत, शेजारीण टेकली की त्या बाजूचा पडदा मिटतो, म्हणून ज्यांच्यापुढे जागा मोकळी त्याच पडदा काढतात आणि पूर्ण घोळका बाहेरच्या दिशेने जातो. प्लेटवर बघून काढलेला नियम अर्ध्या शतकानंतर गर्भात सापडला, याचा मला आजही आनंद होतो.

न्यूरल क्रेस्टचा एक्सप्लांट (गर्भातून कापलेला तुकडा) लावायचाय, कसं करू?

पंचेचाळीस ते पन्नास तास उबवलेलं अंडं घ्या, पण वेळेवर विश्वास न ठेवता सोमाइट मोजा. हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांची १९५१ ची ४६ टप्प्यांची यादी सगळीकडे वापरतात, धडाच्या क्रेस्टसाठी बारा-तेराच्या आसपासचा टप्पा बघा, डोक्याच्या क्रेस्टसाठी त्याआधीचा, नऊ-दहा, म्हणजे अंडी तीसेक ते अडतीस तासांची. शेवटच्या काही सोमाइटच्या पातळीवरचा तुकडा कापा, डिस्पेस या एन्झाइममध्ये थोडा वेळ ठेवा आणि बारीक सुयांनी मज्जानलिका बाजूच्या ऊतीपासून मोकळी करा.

इथे एक गोष्ट खास सांगते. डिस्पेस फायब्रोनेक्टिन आणि टाइप चार कोलॅजन कापतं आणि ट्रिप्सिनसारखं ते सिरमने थांबत नाही. नलिकेला चिकटून थोडंसं डिस्पेस तुमच्या प्लेटमध्ये गेलं तर ते तुम्ही मेहनतीने केलेलं कोटिंगच खाणार. म्हणून नलिका ताज्या मीडियममध्ये दोनतीनदा धुवा.

मग नलिका फायब्रोनेक्टिनच्या प्लेटवर अगदी थोड्या मीडियममध्ये ठेवा, जेमतेम ओली राहील इतकं, म्हणजे तरंगणार नाही. अर्धा-एक तास हात लावू नका. बसली की हळूच बाकीचं मीडियम घाला. काही तासांत कडेने पेशी निघायला लागतात आणि दुसऱ्या दिवशी भोवती छान प्रभावळ दिसते. नलिका सुईने उचलून काढली की मागे क्रेस्ट पेशी राहतात.

दुकानातली अंडी चालतील का?

नाही. दुकानातली पोल्ट्रीची अंडी फलित नसतात. हॅचरीतून फलित अंडी मागवा, आणि ती प्रवासात उन्हात राहणार नाहीत ते बघा, मे महिन्यात तर नक्कीच. गावरान अंडी काही वेळा फलित असतात पण वय सगळं वेगवेगळं, तुलनेला उपयोग नाही. गर्भावर काम सुरू करायच्या आधी संस्थेच्या एथिक्स कमिटीला विचारून घ्या.

एकेक पेशी न घेता पूर्ण गर्भच प्लेटवर वाढवता येतो का?

येतो, आणि चिकटणं-चालणं समजायला हा फार सुंदर नमुना आहे. डेनिस न्यू यांनी १९५५ मध्ये पद्धत दिली, बलकावरचा पातळ पडदा गर्भासकट काचेच्या रिंगवर ताणायचा आणि खाली अल्ब्युमिन द्यायचं, गर्भ दीडदोन दिवस वाढताना वरून बघता येतो. पुण्यात विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या गर्भाच्या कल्चरवर काम केलं आणि शिकवलं, तेव्हा हा विषय आपल्यासाठी परका नाही.

यात बघायचं काय तर काठ. गर्भाच्या चकतीचा मधला भाग पडद्याला चिकटलेला नसतो, चिकटलेल्या असतात फक्त काठावरच्या काही पेशी. त्या पडद्याच्या आतल्या बाजूवर बाहेरच्या दिशेने चालत जातात आणि मागची पूर्ण चकती ताणत नेतात. न्यू यांनीच १९५९ मध्ये दाखवलं की हे पसरणं त्या काठाच्या पकडीवर अवलंबून आहे. काठ सुटला की ताण जातो, चकती आक्रसते आणि गर्भाची वाढ बिघडते. म्हणजे मूठभर पेशींची पकड पूर्ण गर्भाचा ताण धरून असते.

प्लेटवर जे दिसतं ते गर्भात खरं असतं का?

काही असतं, काही नसतं, आणि तपासल्याशिवाय सांगता येत नाही. फायब्रोनेक्टिनचंच घ्या. प्लेटवर न्यूरल क्रेस्ट त्यावर झकास चालते. १९८४ मध्ये बूको, थिएरी आणि सहकाऱ्यांनी आरजीडी असलेला पेप्टाइड जिवंत गर्भात टाकला तर उभयचरांत गॅस्ट्रुलेशन (पेशी आत सरकून गर्भाचे थर बनणं) अडलं आणि पक्ष्यांत क्रेस्टची चाल अडली, म्हणजे इथे प्लेट खरं बोलत होती. १९९३ मध्ये फायब्रोनेक्टिनचं जीन काढलेले उंदीर केले गेले, ते गर्भ लवकर मेले, मध्यस्तर आणि रक्तवाहिन्या बिघडल्या, पण गॅस्ट्रुलेशन सुरू झालेलं होतं. उंदरात दुसरे आधारही काम करत असणार.

कडकपणाचंही तसंच. २०१८ मध्ये मायोर यांच्याच गटाने बेडकाच्या गर्भात दाखवलं की क्रेस्टच्या खालचा मध्यस्तर आधी कडक होतो आणि त्यानंतर क्रेस्ट निघते, मऊ ठेवला तर निघत नाही. हे प्लॅस्टिकवर कधीच दिसलं नसतं, कारण प्लॅस्टिक पहिल्यापासून कडकच.

अजून एक, प्लेट सपाट असते. त्रिमितीय कोलॅजनमध्ये त्याच फायब्रोब्लास्टचा आकार लांबट होतो आणि मोठे फोकल अ‍ॅढेजन फारसे दिसत नाहीत.

अजिबात न चिकटता पेशी चालू शकते?

चिंचोळ्या जागेत हो. झेब्राफिशच्या गर्भातल्या जननपेशी पुढच्या बाजूने पडद्याचे फुगे काढत सरकतात, तिथे इंटिग्रिनची मोठी पकड लागत नाही. उघड्या सपाट प्लेटवर मात्र पकड नसेल तर पेशी नुसती वळवळते.

माणसाच्या ईएस पेशी एकेक करून लावल्या की मरतात, का?

सुट्या केल्या की त्यांच्यात मायोसिन अति आवळलं जातं आणि त्या फुगे काढत मरतात. २००७ मध्ये जपानमधल्या वातानाबे आणि सहकाऱ्यांनी वाय-२७६३२ हा रॉक (रोच्या हुकमाने मायोसिनला आवळायला लावणारं एन्झाइम) इनहिबिटर घालून ही मर खूप कमी केली, आता १० मायक्रोमोलर पहिल्या दिवसापुरतं घालणं ही रीत झालीय. पण तो हालचालही बदलतो, तेव्हा चालण्याचा अभ्यास असेल तर काढून टाकल्यावरच मोजा.

पेशी चिकटतच नाहीत. काय काय तपासू?

आधी त्या जिवंत आहेत का ते ट्रायपॅन ब्लू या फक्त मेलेल्या पेशींत शिरणाऱ्या रंगाने बघा, मेलेली पेशी कशावरच बसत नाही. मग ट्रिप्सिन किती वेळ ठेवलं ते आठवा. ट्रिप्सिन पेशीवरची प्रोटीन्सही कापतं, मासातोशी ताकेइची यांनी १९७७ मध्ये दाखवलं की कॅल्शियम असेल तर कॅडहेरिनची पकड ट्रिप्सिनपासून वाचते, नसेल तर जाते. म्हणून पेशी एकमेकींना धरून राहायला हव्यात की सुट्या, यावर कॅल्शियम ठेवायचं की नाही ते ठरवा.

मग कोटिंग. वाळलं होतं का, किती जुनं होतं, परत परत गोठवलं-वितळवलं का. काचेची कव्हरस्लिप असेल तर नीट धुतली होती का, तेलकट काचेवर काहीच बसत नाही. सगळ्या पेशी मध्यभागी गोळा झाल्या असतील तर तुम्ही प्लेट गोल फिरवली, पुढेमागे आणि डावीउजवीकडे हलवा. कडेला रिकामं असेल तर प्लेट थंड ओट्यावरून तडक इनक्युबेटरमध्ये गेली असेल, आधी थोडा वेळ बाहेर सपाट ठेवा म्हणजे पेशी शांतपणे बसतील. इनक्युबेटरची फळी तिरकी नाही ना, जवळच सेंट्रिफ्यूज थरथरत नाही ना, हेही बघा.

सगळं ठीक असून पेशी हळूहळू नीट पसरेनाशा झाल्या तर मायकोप्लाझ्मा या बारीक बॅक्टेरियाची टेस्ट करा, तो डोळ्यांनी दिसत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे बुरशी फार, इनक्युबेटरच्या ट्रेमधलं पाणी जून ते सप्टेंबर जास्त वेळा बदला.

तुलनेसाठी एखादी खात्रीची सेल लाइन शेजारी लावा. थ्री-टी-थ्री फायब्रोब्लास्ट, टोडारो आणि ग्रीन यांनी १९६३ मध्ये उंदराच्या गर्भातून काढलेले, यासाठी उत्तम. पुण्याच्या एनसीसीएसमध्ये, म्हणजे राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात सेल रिपॉझिटरी आहे, तिथे सेल लाइन मिळण्याबद्दल विचारता येतं. त्या तुमच्या कोटिंगवर बसल्या आणि गर्भाच्या बसल्या नाहीत तर दोष पेशी काढण्यात आहे, दोन्ही बसल्या नाहीत तर प्लेटमध्ये किंवा मीडियममध्ये.

हालचाल मोजायची कशी? सुरुवात आणि शेवट यांच्यातलं अंतर पुरेल का?

पुरणार नाही. पेशी भटकते, गोल फिरून जवळपास तिथेच परत येते, आणि मग तुम्ही लिहाल की ती हललीच नाही. १० एक्स फेज कॉन्ट्रास्टवर दर पाच मिनिटांनी फोटो घ्या, पेशींचे मध्यबिंदू ट्रॅक करा, मग चाललेलं पूर्ण अंतर, सरळ अंतर, आणि त्यांचं गुणोत्तर तिन्ही काढा. विभाजन होत असलेल्या पेशी वगळा, त्या गोल होऊन पकड सोडतात. शेजारणीला टेकलेल्या आणि एकट्या पेशी वेगळ्या मोजा, नाहीतर कॉन्टॅक्ट इनहिबिशन सगळं सरासरीत बुडवेल. वर मिनरल ऑइलचा थर द्या किंवा चेंबरमध्ये ओलावा ठेवा, कारण रात्रभरात मीडियम आटलं की क्षार वाढतात आणि पेशी आखडतात, आणि सीओटू मिळणार नसेल तर मीडियममध्ये हेपेस हे बफर घाला. कोटिंगचं प्रमाण, सिरम होतं की नव्हतं, प्लेट कुठल्या प्रकारची, हे तिन्ही त्या फाइलच्या नावातच लिहा, सहा महिन्यांनी व्हिडिओ उघडाल तेव्हा पेशी दिसतील पण त्यांच्याखाली काय होतं ते दिसणार नाही.